लहान मुलासोबत लांबचा प्रवास: रात्री निघावं की उजाडताना?

रात्री निघालं की मूल झोपेत असतानाच बरंच अंतर कापलं जातं, रस्ते मोकळे मिळतात आणि एका मुक्कामाचा खर्च वाचतो. पण गाडी चालवणाऱ्याच्या झोपेचं काय? मध्यरात्रीपासून सकाळी 6 पर्यंत डुलकी लागण्याचा धोका फार मोठा. शिवाय मूल ताजंतवानं उठतं तेव्हा आईबाबा पेंगलेले असतात.

पुरेशी झोप काढून उजाडताना निघालं, तर मुलाची राहिलेली झोप गाडीत होते आणि रस्ता उजेडात दिसतो. साधारण दर दोन तासांनी थांबावं लागतं, मुक्कामाचे पैसेही पडतात. मी तरीही हेच निवडेन. पैसे वाचवायला घरचा डबा नेणं आणि गर्दीचा हंगाम टाळणं आहेच. चाइल्ड सीट मात्र दोन्ही वेळी हवी. धावत्या गाडीत झोपलेल्या बाळाला मांडीवर घेऊ नका.