ॲटोर्वास्टॅटिन आणि विसराळूपणा : वापरानंतरचा अनुभव

अँजिओप्लास्टीनंतर मला ॲटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी रात्री घ्यायला सांगितली, त्याला आता वर्ष होत आले. गोळीने तिचे मुख्य काम चोख केले असून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ वरून ६२ वर आले आहे. स्नायूदुखीही जाणवली नाही. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले ते स्मरणशक्तीविषयी, कारण केवळ विसराळूपणाच्या धास्तीने गोळी परस्पर बंद केलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

गोळी सुरू होऊन काही महिने झाल्यावर बोलताना नावे अडू लागली. टपाल खात्यात मी उभी हयात पत्रांची छाटणी केली. रत्नागिरी ४१५६१२, सांगली ४१६४१६ हे पिनकोड झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत, पण आता त्यांच्यासाठीही थांबावे लागू लागले. माहितीपत्रकात विस्मरण आणि गोंधळ यांचा उल्लेख सापडला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये स्टॅटिन गटातल्या (माझी गोळी त्यातलीच) औषधांच्या माहितीपत्रकांत ही सूचना घालायला लावली, मात्र असा त्रास सहसा गंभीर नसतो आणि औषध थांबवल्यावर जातो, हेही त्यात नमूद आहे.

ही सूचना मुख्यतः रुग्णांनी कळवलेल्या तक्रारींवरून आली. निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना डमी गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत चित्र वेगळे दिसते. सत्तरी ओलांडलेल्या ५,८०४ जणांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत याच गटातले प्रावास्टॅटिन घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची बुद्धी सारख्याच गतीने उतरली. रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले की मेंदू उपाशी राहतो, ही समजूतही टिकत नाही, कारण मेंदू आपल्याला लागणारे कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो आणि रक्तातले एलडीएल त्याच्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. एखाद्या रुग्णाला त्रास होणारच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती आमच्या डॉक्टरांची पद्धत. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेला असल्याने गोळी थांबवायची नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाचा हे कळेल, असे त्यांनी बजावले. रक्ततपासणीत थायरॉइड व्यवस्थित निघाले. बी-१२ जीवनसत्त्व मात्र १६०, म्हणजे कमी होते. मी शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू, आणि त्या औषधाने बी-१२ शरीरात कमी शोषले जाते. इंजेक्शने सुरू झाली. दर रविवारी पत्नी गावांची नावे वाचत असे, मी पिनकोड सांगत असे आणि चुका ती वहीत टिपत असे. दोन-अडीच महिन्यांत त्या निम्म्याहून कमी झाल्या, आणि या सगळ्या काळात ॲटोर्वास्टॅटिनचा डोस तोच होता.

माणसांची नावे अजून कधीकधी अडतात. माझ्या वयाचे, गोळी न घेणारे मित्रही हेच सांगतात. पुन्हा त्रास वाढलाच तर त्याच गटातल्या रोसुवास्टॅटिनवर जाण्याचा पर्याय डॉक्टरांनी मोकळा ठेवला आहे. ते पाण्यात विरघळणारे असल्याने मेंदूत कमी उतरते असे मानले जाते. सध्या गोळी तीच आहे, आणि मेटफॉर्मिन चालू असेपर्यंत वर्षातून एकदा बी-१२ तपासायचे ठरले आहे.