यूबीसॅन: पीसीवर पक्का, १६ बिटांवर आंधळा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत एव्हीआर या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवर कंट्रोलर करत असाल आणि कंपायलरच्या रनटाइम लायब्ररीत (भागाकार, शिफ्ट, पुढचे शून्य बिट मोजणं) हात घालायची वेळ आली असेल, तर यूबीसॅन (सी भाषेच्या नियमांत न बसणारी, म्हणजे 'अनडिफाइन्ड' वागणूक प्रोग्राम चालताना पकडणारी कंपायलरची सोय) लावाच. जीसीसी या कंपायलरमध्ये तो ४.९ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्येही आहे, आणि फुकट आहे.

'-एफसॅनिटाइज=अनडिफाइन्ड' सोबत '-एफनो-सॅनिटाइज-रिकव्हर=अनडिफाइन्ड' विसरू नका. नाहीतर चूक छापून प्रोग्राम पुढे पळतो, एक्झिट कोड शून्य येतो आणि टेस्ट पास दिसते. भागाकाराच्या फंक्शनमध्ये हमखास सापडणारी चूक म्हणजे −२१४७४८३६४८ चं चिन्ह उलटवणं. उत्तर ३२ बिटांच्या इंटमध्ये (साध्या पूर्णांकाच्या प्रकारात) मावतच नाही. यूबीसॅन फाइल, ओळ आणि आकडा दाखवतो. उपाय सोपा: आधी अनसाइन्डमध्ये (चिन्ह नसलेल्या प्रकारात) कास्ट, म्हणजे प्रकार बदलणं, मग शून्यातून वजाबाकी. अनसाइन्ड ओव्हरफ्लो (आकडा मावेनासा होणं) मात्र भाषेच्या नियमात बसतो, म्हणून 'अनडिफाइन्ड' या गटात तपासला जात नाही. त्यासाठी क्लँगचा '-एफसॅनिटाइज=इंटिजर' आहे, पण हॅशच्या कोडवर, जिथे असा ओव्हरफ्लो मुद्दाम असतो, तो उगाच ओरडतो.

खरी अडचण पुढे आहे. टेस्ट पीसीवर चालते, तिथे इंट ३२ बिट, एव्हीआरवर १६. दोन 'यूइंट१६_टी' (१६ बिटांचे अनसाइन्ड आकडे) घ्या, ३०० आणि २५०. गुणाकार पीसीवर ७५०००, यूबीसॅन गप्प. चिपवर ९४६४! ३२ बिटांत कास्ट गुणाकाराआधी हवा, उत्तरावर करून काही उपयोग नाही.

पुढचे शून्य बिट मोजणाऱ्या '__बिल्टइन_सीएलझेड'चंही तेच. तो अनसाइन्ड इंट घेतो. ६५५३६ दिला तर ३२ बिटांत उत्तर १५. एव्हीआरवर वरचे १६ बिट कापले जातात, हाती शून्य उरतं, आणि शून्यासाठी हे फंक्शन अनडिफाइन्ड आहे. तिथे लाँग घेणारा 'सीएलझेडएल' लागतो, कारण लाँग ३२ बिट आहे. लायब्ररीत 'इंट' लिहिलेली प्रत्येक जागा म्हणूनच संशयित धरायची, आणि जिथे नेमके ३२ बिट हवेत तिथे 'इंट३२_टी' लिहायचं. त्यांपैकी आकडा कापला जाणाऱ्या जागा शोधायला यूबीसॅन नव्हे, एव्हीआर-जीसीसीचा '-डब्ल्यूकन्व्हर्जन' हा इशारा कामाला येतो. इशारे ढीगभर येतात, पण फंक्शनला पाठवताना कापले जाणारे आकडे आधी बघा.

जुन्या क्लँगने ३२ बिटांच्या टार्गेटसाठी यूबीसॅन लावून बिल्ड करताना लिंकर '__मुलोडीआय४' सापडत नाही म्हणाला, तर '-आरटीलिब=कंपायलर-आरटी' द्या; लिबजीसीसीत (जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीत) ते फंक्शन नाही.

पाचपैकी साडेतीन. फक्त पीसीवरचा कोड असता तर साडेचार दिले असते.