नवजात बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी: एका सेवेचे परीक्षण

आमची मुलगी पायाळू जन्मली, म्हणून ती सहा आठवड्यांची झाल्यावर दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी, असे बालरोगतज्ज्ञांनी सुचवले होते. अशा सेवेला गुण देताना केंद्रातील टापटीप किंवा ताटकळण्याचा वेळ यांपेक्षा मला एकच गोष्ट अधिक मोलाची वाटते: खुबा सैल असण्याच्या किंवा निखळण्याच्या ज्या विकारासाठी ही तपासणी आहे तो किती बाळांना, कोणत्या बाळांना आणि कोणत्या वयात असतो, याचे भान ती देणाऱ्यांना आहे का?

या विकारात मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही. पूर्ण निखळलेला खुबा हजार बाळांमागे साधारण एक-दोन बाळांत आढळतो. मात्र जन्मतः सैल असलेले खुबे त्याहून कितीतरी अधिक असतात. इंग्लंडमधील अस्थिरोगतज्ज्ञ बार्लो यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दर ६० नवजात बाळांमागे एकाचा खुबा अस्थिर होता, आणि अशा बाळांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात, तर ८८ टक्के दोन महिन्यांत उपचाराविना सावरली. त्यामुळे प्रसूतीच्या पॅकेजमध्ये दुसऱ्याच दिवशी उरकली जाणारी आणि पुढे पुन्हा न होणारी सोनोग्राफी मला पटत नाही. आपोआप बरे होणारे कितीतरी खुबे तिच्यात सदोष ठरू शकतात. डॉक्टरांच्या हाताला खुबा निखळताना जाणवला असेल, तर गोष्ट निराळी. तेथे अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.

आमच्या केंद्राने सहा आठवड्यांआधीची वेळ देण्यास नकार दिला आणि त्याचे कारणही समजावून सांगितले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. नोंदणीच्या वेळी त्यांनी विचारलेले प्रश्नही नेमके होते: बाळ पायाळू होते का, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास होता का, हे पहिलेच अपत्य आहे का. मुलींमध्ये हा विकार मुलग्यांच्या किमान चौपट आढळतो आणि डावा खुबा उजव्यापेक्षा अधिक वेळा सदोष असतो. तरीही निदान झालेल्या बहुतेक बाळांत पायाळूपणा किंवा कौटुंबिक इतिहास यांपैकी काहीच नसते, आणि सरसकट तपासणीचा वाद नेमका येथूनच सुरू होतो. ऑस्ट्रियात १९९२ पासून आणि जर्मनीत १९९६ पासून सर्वच बाळांची सोनोग्राफी होते. ब्रिटनमध्ये सर्वांची हाताने तपासणी आणि जोखमीच्या बाळांचीच सोनोग्राफी, अशी पद्धत आहे. नॉर्वेतील बर्गन येथे सुमारे १२ हजार बाळांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट सोनोग्राफीने उपचारांचे प्रमाण वाढवले, परंतु उशिरा निदान होणाऱ्या बाळांच्या संख्येतील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर ठोस ठरली नाही. जोखीम नसलेल्या बाळाच्या पालकांना ही तपासणी घ्याच, असे म्हणूनच मी सांगणार नाही.

प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. क्ष-किरणांचा प्रश्न येत नाही. पहिल्या काही महिन्यांत माथा बराचसा कूर्चेचाच असल्यामुळे एक्स-रेपेक्षा ध्वनिलहरींनाच तो चांगला दिसतो.

माझे गुण कापले गेले ते अहवालावर. पहिल्या प्रतीत केवळ ‘दोन्ही खुबे सामान्य’ एवढेच लिहिले होते. ऑस्ट्रियातील अस्थिरोगतज्ज्ञ ग्राफ यांच्या सोनोग्राफी-पद्धतीत खोबणीच्या हाडाचा कोन मोजतात आणि तो ६० अंश किंवा अधिक असल्यास खुबा परिपक्व मानतात. हा आकडा दोन्ही बाजूंसाठी आणि प्रतिमेसह असला, तरच दुसऱ्या डॉक्टरांना तो पडताळता येतो. विनंती केल्यावर सुधारित अहवाल मिळाला, पण तो न मागता मिळायला हवा होता.

समुपदेशनही अपुरे वाटले. पाय सरळ आवळून बाळाला गुंडाळण्याचा या विकाराशी असलेला संबंध जपानमध्ये स्पष्ट दिसला आहे: १९७० च्या दशकात ती सवय सोडण्याची मोहीम झाली आणि शेकडा एकाहून अधिक असलेले प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आले. दुपट्यात मांड्या फाकवून हलवता येतील एवढी जागा ठेवा, हे एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो? बाळ चालू लागेपर्यंत प्रत्येक भेटीत मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या फाकतात का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे, हेही आम्हाला तेथे नव्हे, तर बालरोगतज्ज्ञांकडून कळले. पाचपैकी साडेतीन गुण.