हणजूणच्या बाजारातल्या चमकणाऱ्या उशा: दहा महिने आणि चार गंजके रनर

चवथीची साफसफाई काढली आणि स्मायलीच्या उशीची चेन जागची हलेना. खोबरेल सोडलं, मेणबत्ती घासली, शेवटी पकडीने ओढली तर रनर माझ्या हातात आणि चेन तिथेच. त्या रागात लिहायला बसलेय.

मागच्या नोव्हेंबरात गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून ह्या उशा घेतल्या. 16 इंची चार: पिवळी स्मायली, लाल अळमी (म्हणजे मशरूम), डोळ्यांचं मंडल आणि हिरवा परग्रहवासी. एकीचे 600 सांगत होता, घासाघीस करून चारही 1400 ला. मांद्र्याला आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो, तिथल्या बाकड्यासाठी हव्या होत्या. आई म्हणाली, "ह्या भुतांवर डोकं कोण ठेवणार गो?"

"रात्रभर चमकतात," असं विकणारा म्हणाला होता. नाही चमकत. हे फ्लोरोसंट रंग. अतिनील किरण पडताहेत तोवर उजळणार, दिवा बंद केला की उशी काळीठिक्कर. उजेड साठवून अंधारात चमकणारा रंग वेगळा, तो यात नाही. मग 350 रुपये घालून म्हापशाहून जांभळी एलईडी पट्टी आणली. पहिल्या रात्री सगळ्यात जास्त चमकलं ते आमच्या ह्यांचं बनियन! धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे द्रव्य घालतात, तेही या दिव्याखाली निळसर उजळतं. पोरं हसून लोळली. माझे निम्मे पैसे त्याच रात्री वसूल झाले, असं तेव्हा वाटलं.

पाहुण्यांनाही आवडल्या. तसेही ते रात्री दहानंतर खोलीतच बसतात (उघड्यावरच्या लाउडस्पीकरला 2000 च्या नियमाने रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, कागदावर तरी). माझ्या मामीला मात्र उशा बघून हसू आवरेना. नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरला माळावर ट्रान्स संगीताच्या पार्ट्या व्हायच्या, तेव्हा ती रॉकेलचा दिवा लावून, चटया अंथरून रात्रभर चहा-ऑम्लेट विकायची. "नाचून दमलेले माझ्या चटईवर आडवे व्हायचे, उशी कुणी मागितली नाही कधी," म्हणाली.

खिडकीतलं मंडल मार्चपर्यंत उन्हाने खाल्लं. केशरी गेलं, गाजराच्या हलव्यात दूध जास्त झाल्यासारखा रंग उरला. आत फायबर आहे, तो मेपर्यंत गोळा होऊन कोपऱ्यात बसला. सावरीच्या कापसाची सवय असलेल्यांनी नादाला लागू नये, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. पण जुलैत घरातल्या सावरीच्या दोन उशांना बुरशी धरली आणि ह्या चारही कोरड्या राहिल्या. फायबर पाणी पीत नाही. तेवढे शब्द मागे घेते. शिवाय वारुळावरची अळमी बाजारात आली, तिचा भाव ऐकून आई रिकाम्या हाताने परतली, आणि तेव्हापासून अळमीची उशी तिच्या पाठीशी असते. "यंदा हीच आमची अळमी," म्हणते.

राहता राहिली चेन. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, हवेत मीठ. असल्या जागी लोखंडी रनर लावतं कोण? चारही गंजले. दोन जूनमध्येच अडकले, तिसरा ऑगस्टात, चौथा आता. अभ्रा निघत नाही म्हणजे धुता येत नाही, आणि न धुतलेल्या उशीवर दुसरा पाहुणा निजवायला मला लाज वाटते. विकणाऱ्याने नंबर दिला होता, फोन केला. "सीझन सुरू झाला की या, बदलून देतो." पावसात बाजार बंद, हे मलाही ठाऊक आहे, पण तोवर मी काय उशा दाढीच्या ब्लेडने उघडू? शेवटी उघडल्याच. म्हापशाच्या शिंप्याकडे तीन अभ्र्यांना प्लॅस्टिकची चेन बसवून घेतली, प्रत्येकी 40 रुपये. तो म्हणाला, "वहिनी, आधी आणल्या असत्या तर कापड तरी फाडलं नसतं."

परग्रहवासी तसाच ठेवलाय, चेनीसकट. बाकीचे तीन रनर आमसुलांच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवलेत. नोव्हेंबरातल्या पहिल्या बुधवारी बरणी आणि 120 रुपयांचा हिशोब घेऊन मी बाजारात असेन.