कैलास लेणे की औंढा नागनाथ? सवड एका दिवसाची असेल तर

मराठवाड्यातील एखादे प्राचीन शिवालय नीट, वेळ देऊन पाहायचे आहे, पण हाताशी दिवस एकच आहे, असे म्हणणाऱ्यापुढे बहुधा दोन नावे ठेवली जातात : वेरूळचे कैलास लेणे आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ. दोन्ही शिवाची, दोन्ही काळ्या पाषाणाची आणि दोन्हींच्या अंगावर भरगच्च कोरीव काम. त्यामुळे पुष्कळ जण केवळ अंतर पाहून निर्णय घेतात. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण ३० किलोमीटरवर आहे, तर औंढा साधारण २०० किलोमीटरवर. नांदेड किंवा परभणीला उतरलेल्या प्रवाशासाठी हेच गणित उलटते. अंतराचा विचार करायलाच हवा, पण तो शेवटी करावा; कारण ही दोन स्थळे दिसायला जितकी सारखी वाटतात तितकीच घडणीने परस्परविरुद्ध आहेत, आणि आपल्याला मंदिरात नेमके काय पाहायचे आहे हे ठरल्याशिवाय त्यांतली निवड करता येत नाही.

कैलास हे बांधलेले मंदिर नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा करण्यात आला आणि मग तो वरून खाली कोरत आणण्यात आला. शिखर आधी आणि जोते शेवटी, असा हा उलटा क्रम असल्यामुळे कारागिरांना चुकीला वाव नव्हता; एखाद्या देवतेचा हात चुकून तुटला, तर तेथे दुसरा दगड आणून बसवण्याची सोय त्या पद्धतीत नाही. त्यासाठी सुमारे २ लाख टन खडक काढावा लागला असा अंदाज सांगितला जातो. साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद अशा प्रांगणात आज आपण उभे राहतो, तेव्हा पायाखालच्या फरशीपासून कळसापर्यंत सगळा एकच अखंड दगड आहे हे कळत असूनही पटत नाही. प्रवेशद्वारातून आत येताच समोर येणारी गजलक्ष्मी, दोन्ही बाजूंचे उंच ध्वजस्तंभ, मंदिराचा भार पाठीवर घेतल्यासारखी उभी असलेली हत्तींची रांग, दक्षिणेकडच्या भिंतीवर रामायणाचा आणि उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारताचा कथापट, आणि दक्षिण बाजूला खाली कैलास पर्वत हलवू पाहणारा रावण. यांतल्या प्रत्येकापाशी थांबायचे म्हटले तर अर्धा दिवस सहज जातो. एकेकाळी या सगळ्यावर चुन्याचा गिलावा आणि रंग होते, त्यामुळे याला रंगमहाल असेही म्हणत. छतावर आणि काही कोपऱ्यांत त्या चित्रांचे अवशेष अजून दिसतात. आज जे काळे आणि करडे दिसते ते मुळात तसे नव्हते, हे ध्यानात ठेवून पाहिले तर डोळ्यांना बरेच वेगळे दिसू लागते.

असे असूनही मंदिरवास्तू समजून घेण्याची सुरुवात कैलासपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे खांब आहेत, पण ते कोणी आणून उभे केलेले नाहीत. तुळया आहेत, पण त्या कोणी खांबांवर चढवलेल्या नाहीत. दक्षिणेतील बांधीव मंदिरांचे रूप जसेच्या तसे खडकात उतरवले असल्यामुळे, मूळ बांधीव मंदिर ज्याला ठाऊक नाही त्याला हे रूप कशाचे आहे हे समजत नाही, आणि मग मार्गदर्शक जे आकडे सांगेल तेवढेच लक्षात राहतात. स्थापत्याच्या दृष्टीने कैलास हा अपवाद आहे, आणि अपवाद आधी पाहून नियम कळत नाही.

औंढ्याला हा नियम दिसतो. यादवकाळातील हे मंदिर चिरा चिऱ्यावर ठेवून, चुन्याशिवाय, खाचा आणि खुंट्यांच्या आधाराने आणि दगडाच्या स्वतःच्या वजनाने उभे केलेले आहे. बाहेरून प्रदक्षिणा घालताना भिंतीतले सांधे दिसतात. एक मूर्ती कोणत्या चिऱ्यावर कोरली आहे आणि तो चिरा कुठे संपतो हे बोटाने दाखवता येते. जोत्याचे एकावर एक थर, त्यांतली हत्तींची ओळ, वर जंघेवर, म्हणजे भिंतीच्या मधल्या उभ्या भागावर, देवदेवतांची आणि सुरसुंदरींची शिल्पे, आणि प्रत्येक कोनाबरोबर आत-बाहेर होत जाणारी भिंत, यांची सांगड कशी घातली आहे हे तेथे सावकाश वाचता येते. भिंत अशी मोडत नेण्याचा उपयोग नुसता शोभेचा नाही. त्यामुळे मूर्तींना जागा वाढते आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या बाजूवर ऊन आणि सावली शेजारी शेजारी पडून कोरीव काम उठून दिसते. आत मंडपात खांबांकडे पाहावे : छताचे ओझे तुळयांवर, तुळयांचे खांबांच्या डोक्यांवर, आणि तेथून खाली जमिनीत कसे उतरते ते माना वर करून दोन मिनिटे पाहिले की पुढे आयुष्यात कुठलेही जुने देऊळ पाहताना तीच नजर कामी येते.

औंढ्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. जुने कोरीव काम खालच्या भागातच उरले आहे. वरचा विटा-चुन्याचा भाग उत्तरकाळात पुन्हा बांधलेला असून खालच्या काळ्या दगडाशी त्याचा मेळ बसत नाही, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर नेमकी त्या वरच्या भागाकडेच जाते. अनेक शिल्पांचे हात आणि चेहरे भंगलेले आहेत. शिल्पाची भव्यता आणि कथनाची ताकद एवढाच निकष लावला तर औंढा कैलासच्या जवळपासही येत नाही, आणि ते तसे म्हणण्यात नागनाथाचा काही अवमान होत नाही.

मात्र औंढा हे नांदते देवस्थान आहे, हा फरक निर्णायक ठरू शकतो. कैलास लेण्यात शिवलिंग आहे, पण तेथे आपण मुख्यतः पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालील स्मारक पाहत असतो. १९८३ साली वेरूळच्या लेण्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. औंढ्याला अभिषेक, रांगा, घंटा आणि बेलाचा वास यांच्यामधून वास्तू पाहावी लागते. वारकरी परंपरेत या स्थळाला वेगळे महत्त्व आहे : नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते येथेच, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले ही कथा येथील प्रत्येकाच्या तोंडी असते. महाराष्ट्रातील परंपरा औंढ्याला ज्योतिर्लिंग मानते. केवळ ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी निवड करायची असेल तर मात्र वेरूळचे पारडे पुन्हा जड होते, कारण अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वराचे मंदिर लेण्यांपासून अगदी जवळ आहे आणि एकाच फेरीत दोन्ही होते.

सोबत वडीलधारी मंडळी असतील तर आणखी एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. औंढ्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद, उंच पायऱ्यांनी वाकून खाली उतरावे लागते आणि आत जागा फार थोडी आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना किंवा बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांना ते जमत नाही. कैलासला मुख्य मंडपात जाण्यासाठी जिना चढावा लागतो, परंतु खालचे प्रांगण सपाट असल्यामुळे जिना न चढताही बहुतेक शिल्पे पाहता येतात. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाटही सोडू नये. वरून पाहिल्याशिवाय मधला खडक कसा सुटा केला हे खऱ्या अर्थाने उमगत नाही.

वेळेचे बोलायचे तर वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, आणि हे न पाहता निघालेली कुटुंबे दर आठवड्याला फाटकावरून परततात. कैलासचे तोंड पश्चिमेकडे आहे आणि पाठीमागे उंच कडा आहे, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत राहतो. समोरचे काम उजेडात पाहायचे असेल तर दुपारनंतर जावे आणि सकाळ इतर लेण्यांना द्यावी. औंढ्याला सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळावी, अर्थात दर्शन हाच हेतू असेल तर हेच दिवस महत्त्वाचे. शिल्पे पाहणाऱ्याने मात्र साध्या वारी, पहाटेनंतर लगेच पोहोचावे आणि आधी बाहेरची प्रदक्षिणा पुरी करून मग रांगेत उभे राहावे.

म्हणून पहिल्यांदाच येणाऱ्या, मुलाबाळांसह असलेल्या आणि संभाजीनगरला उतरलेल्या माणसाने निःशंकपणे वेरूळ निवडावे. वास्तुकलेचा विद्यार्थी, चित्रकार किंवा बांधकामाच्या व्यवसायातला कोणी असेल तर त्याने लांब पडले तरी आधी औंढ्याला जावे आणि कैलास नंतरच्या फेरीसाठी ठेवावे. आणि ज्यांनी दोन्ही पाहिली आहेत त्यांच्यासाठी मराठवाड्यात अजून बरेच शिल्लक आहे : निलंग्याचे नीलकंठेश्वर, जेथे एकाच मंडपाला तीन गाभारे जोडलेले आहेत; देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे; आणि भोकरदन तालुक्यातील अन्व्याचे मंदिर, ज्याच्या बाह्य भिंतीवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत आणि जे आज महादेवाचे असले तरी मुळात विष्णूचे असावे असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याला जाणाऱ्याला अन्वा वाकडी वाट करून गाठता येते. तेथे गर्दी नसते, पण हॉटेल किंवा मार्गदर्शक मिळेल या भरवशावरही जाऊ नये; पाणी आणि डबा सोबत घ्यावा आणि मंडपातले खांब पाहायला पुरेसा उजेड असतानाच पोहोचावे.