गोव्याच्या हवेत चौदा महिने: विजेवर चालणारा कापडी टप अडला की काय पाहायचं

हा अनुभव कन्व्हर्टिबल गाडीच्या, म्हणजे छत घडी करून उघडता येणाऱ्या गाडीच्या, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाच्या) पंपावर चालणाऱ्या कापडी टपाचा. चौदा महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा आला, गाडी पर्वरीत पत्र्याच्या शेडखाली उभी. एवढ्या काळात टप चार वेळा अडला: एकदा डिकीतल्या पडद्यामुळे, दोनदा बॅटरीमुळे, एकदा गंजलेल्या स्विचमुळे. पंप एकदाही गेलेला नव्हता. हे आधी सांगायचं कारण, टप अडला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य कानावर येतं ते ‘पंप गेला, नवा मागवूया’ हेच. पंपाच्या किमतीकडे बघता त्या वाक्याला लगेच हो म्हणू नये.

टप हलवण्याआधी कंट्रोल युनिट, म्हणजे टप चालवणारा छोटा संगणक, बऱ्याच गोष्टी तपासतं. डिकी नीट लागली आहे का, सामानाच्या जागेवरचा पडदा खाली ओढून दोन्ही बाजूंना अडकवला आहे का, काचा कुठे आहेत, व्होल्टेज पुरेसं आहे का, वेग मर्यादेत आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी बटण दाबून काही होत नाही. वेगाची मर्यादा गाडीगणिक वेगळी: 2016 नंतरच्या मिनी कन्व्हर्टिबलला ताशी 30 किलोमीटर, ऑडी ए3 कॅब्रिओलेला ताशी 50. दोन्हींचा टप साधारण 18 सेकंद घेतो. मांडवी पुलाच्या तोंडाशी सिग्नलला बटण दाबलं आणि मध्येच हिरवा दिवा लागला, तर टप अर्ध्यावर ठेवून गाडी पळवू नका. बाजूला घ्या, बटण पुन्हा दाबून शेवटपर्यंत धरून ठेवा.

आता बॅटरी. गोव्यात अशा गाड्या बहुधा शनिवार-रविवारच्या, किंवा मालक चवथीला आणि नाताळला येणार तेव्हाच्या. तीन-तीन आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरते. इंजिन सुरू होतं, त्यामुळे बॅटरी चांगली आहे असं वाटतं. पण पंप सुरू होताना मोठा करंट ओढतो आणि तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं. मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. गाडी रात्रभर उभी असताना 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवं. टप नेहमी इंजिन चालू ठेवूनच हलवावा.

बॅटरी काढून परत जोडली की दुसरी भानगड सुरू होते आणि ती कुणी सांगत नाही. या गाड्यांच्या काचांना वर चौकट नसते, म्हणून दार उघडताना काच थोडी खाली सरकते. बॅटरी सुटली की काचेच्या जागेची युनिटमधली नोंद पुसली जाते, काच कुठे आहे ते युनिटला कळत नाही, आणि टप हलत नाही. उपाय फुकटचा आहे: प्रत्येक काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवा, मग पूर्ण वर नेऊन तसंच धरा. नेमका क्रम गाडीच्या पुस्तकात असतो.

एवढं करूनही अडलाच तर कान द्या. डिकीच्या बाजूला पंपाची घरघर ऐकू येते, पण टप हलत नाही? मग तेल कमी आहे, कुठेतरी गळती आहे, किंवा पंपावरचा प्रेशर सोडायचा स्क्रू उघडा राहिला आहे. अजिबात आवाज नाही? फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच), नाहीतर टपाचा एखादा स्विच. चार-पाच वेळा सलग उघड-मीट केल्यावर बंद पडला असेल तर मोटर तापली असेल. अर्धा तास थांबा. तेल फक्त पुस्तकात लिहिलेलंच घाला. ब्रेक ऑइल तर कधीच नाही, त्याने सिलिंडरचे सील फुगतात.

गोव्यात खरा घात होतो तो पाण्याने. इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. टपावरून ओघळलेलं पाणी मागच्या सीटमागच्या पन्हळीत येतं आणि दोन्ही टोकांच्या नळ्यांतून मागच्या चाकाजवळ खाली जातं. मिरामार किंवा मोरजीला सुरूच्या झाडांखाली गाडी लावा आणि आठवड्याने ती पन्हळ बघा: सुरूच्या काड्या, वाळू आणि काळा चिखल मिळून नळीच्या तोंडाशी बूच बसलेलं असतं. मग पाणी डिकीत उतरतं, आणि पुष्कळ गाड्यांत कंट्रोल युनिट, काहींत तर पंपही, तिथेच खालच्या कोपऱ्यात बसवलेला असतो.

मे महिन्यातच टप अर्धा उघडून दोन्ही तोंडं हाताने साफ करा. मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी चाकापाशी वाकून बघायला सांगा. धार लगेच दिसली पाहिजे. न दिसली तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी आत सरकवा. लोखंडी तार नळीला भोक पाडते, आणि कॉम्प्रेसरची हवा नळी आतल्या आत सांध्यातून उडवते. मग सगळं पॅनेल खोलावं लागतं.

खाऱ्या हवेचा मार स्विचच्या कनेक्टरवर बसतो. पिनांवर हिरवट पूड दिसली की बॅटरीची वजा बाजू काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग जोडा. कुठला स्विच रुसला आहे ते स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावल्यावर कळतं. मात्र स्कॅनर टपाच्या युनिटपर्यंत पोचणारा हवा, फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्तातला नको.

रबर बीडिंगकडे, म्हणजे टपाच्या कडेच्या रबरी पट्टीकडे, सगळे दुर्लक्ष करतात. चार महिने टप बंद राहिला की रबर काचेच्या वरच्या पट्टीला चिकटतं, आणि पहिल्याच उघडण्यात लॉकच्या मोटरला ते ओढून काढावं लागतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात महिन्यातून एकदा पुरे. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर मऊ पडून फुगतं. पावसाळ्यातही कोरडी दुपार मिळाली की पंधरा दिवसांतून एकदा टप पूर्ण उघडून बंद करा. ओला टप घडी करून ठेवला तर दोन-तीन दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते कापडातून पूर्ण जात नाहीत.

रस्त्यातच अडला आणि पाऊस येतोय, तर हाताने बंद करायला दोघे हवेत. इंजिन बंद, चावी बाहेर. पुस्तकात दाखवलेला प्रेशरचा स्क्रू ॲलन कीने (षटकोनी पान्याने) सैल करा, मग दोघांनी दोन्ही बाजू एकाच वेळी, सारख्या वेगाने उचला. स्क्रू न उघडता एकट्याने जोर लावला तर सांगाडा पिळवटतो आणि तो सरळ करणं पंपापेक्षा महाग पडतं. पुढचं लॉक टूलकिटमधल्या कीने फिरवून बसवा. घरी आल्यावर बटणाला हात लावण्याआधी स्क्रू परत घट्ट केला का ते बघा.

जुनी गाडी घेणार असाल तर टप उघडून बघण्याआधी डिकीतला गालिचा उचला आणि त्याखालचा फोम मुठीत दाबा. पाणी निथळलं तर ती गाडी सोडून द्या.