जड बाण आणि दोन पात्यांचं ब्रॉडहेड : एका सीझननंतर

गेल्या उन्हाळ्यात मी ४०० ग्रेनचे बाण बदलून ५५० ग्रेनचे, म्हणजे साधारण ३६ ग्रॅमचे, बांधले, टोकाला ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीसाठीचं धारदार पात्यांचं टोक. धनुष्य तेच, ओढायला ६० पौंडांचं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं). उन्हाळाभर सराव, मग ऑक्टोबरपासून इथला, पेन्सिल्वेनियातला, हरणांचा आर्चरी सीझन. (भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, हे सगळं इथल्या परवान्यावरचं.)

वेग सेकंदाला २६५ फुटांवरून २२९ वर उतरला. ऊर्जा मात्र घटली नाही, ६२ ची ६४ फूट-पौंड झाली. संवेग (वजन गुणिले वेग) जवळजवळ १९ टक्के वाढला, आणि हाडामांसात बाण पुढे रेटतो तो संवेगच. धनुष्याचा आवाजही बराच कमी झाला.

तरी नुसतं वजन वाढवून भागत नाही. आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेणारे एड ॲशबी यांच्या क्रमवारीत आधी येतं बाण न मोडणं, मग सरळ उडणं. वजन त्याच्या बरंच खाली. मला हे शंभर टक्के पटलंय. पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा तुकडा) आणि २०० ग्रेनचं टोक पुढे आलं की ३४० स्पाइनचा शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, मऊ पडतो; स्पाइन म्हणजे तिच्या ताठपणाचा आकडा. म्हणून २५० चा घेतला (आकडा लहान, शाफ्ट ताठ). बिनपिसांचा बाण कागदातून मारून गोल भोक पडेपर्यंत रेस्ट (धनुष्यावर बाण टेकवायचा आधार) केसभर इकडे-तिकडे सरकवत बसलो. वाकडा उडणारा बाण आत शिरताना बराच जोर तिथेच घालवतो.

ब्रॉडहेड एका बाजूने धार लावलेलं, अरुंद, पक्क्या बसवलेल्या पात्यांचं. उघडणाऱ्या पात्यांची जखम रुंद होते, पण उघडण्यातच जोर खर्ची पडतो. मी दगडावर धार लावून चामड्यावर घासतो. हातावरचे केस उडाले की पातं तयार.

साधारण वीस यार्डांवर पाठमोरी तिरकी उभी असलेली हरणाची मादी. बाण बरगड्यांतून शिरला, पलीकडच्या खांद्यातून निघून मातीत रुतला. पात्याचं टोक जरासं दुमडलं होतं, बाकी बाण धड. बाहेर पडायचं भोक खाली असल्याने रक्ताचा माग लगेच मिळाला, आणि ती नजरेच्या टप्प्यातच पडली. जनावराचे हाल होऊ नयेत यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

तोटा एकच, बाण लवकर खाली येतो. साइटच्या पिना (वेगवेगळ्या अंतरांवर नेम धरायच्या खुणा) लांब-लांब गेल्या. तीस यार्डांपुढे अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी नेम हुकतो, म्हणून रेंजफाइंडरशिवाय (अंतर मोजायचं यंत्र) मी बाण सोडतच नाही. जड हाडांसाठी सांगितला जाणारा ६५० ग्रेनचा आकडा हरणाला लागत नाही. धनुष्य ४५ पौंडांचं असेल तर ४५० ग्रेनच्या आसपास थांबा आणि उरलेले पैसे चांगल्या दोन पात्यांच्या ब्रॉडहेडवर घाला.